पाय कुठून घालायचे?

टाचणीबाई हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलं. ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरून त्या बाळांची झबली बेतायच्या, आणि टाचण्या काढून बोलू लागल्या की माणसाला वाटायचं, तोंडात होत्या तेच बरं होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक इस्त्री, आणि भिंतीला टेकून काजं-बटणं करणारी त्यांची लेक. लेकीची डावी मूठ पुरती उघडत नसे आणि डावा पाय ओढत चाले. कापड ती मनगटाने दाबून धरी आणि उजव्या हाताने सुई चालवी. टाके मात्र असे सुबक, की सांगूनही कुणाला खरं वाटू नये.

त्या दुकानात लहान मुलांचं सगळं शिवून मिळे, एक वॉकरची बैठक सोडून. चाकांच्या त्या गोल गाडीत मधोमध कापडाची झोळी असते, तिला बाळाचे पाय घालायला दोन भोकं. झोळी फाटली की लोक घेऊन येत.

"गाडी भंगारात द्या आणि बाळाला जमिनीवर सोडा," बाई म्हणत. "पालथं पडू दे, सरपटू दे, रांगू दे. चालायला कंबर आणि पोटऱ्या लागतात, चाकं नाही लागत."

"अहो, पण शेजारचं बाळ वॉकरमध्ये कसं पळतं!"

"उतारावर सोडली तर फुटकी बादलीसुद्धा पळते."

लेक आठ महिन्यांची होती तेव्हा धाकट्या दिराने तिला अशी गाडी आणून दिली होती. त्याचं लहान मुलांच्या सामानाचं दुकान तेव्हा नुकतंच निघालेलं. मोठ्या हौसेने त्याने पुतणीला स्वतःच्या हातांनी आत बसवलं आणि ती कशी धावते ते बघत खुर्चीत बसला. बाई त्याच्यासाठीच चहा करत होत्या. दूध वर आलं म्हणून त्यांनी मान वळवली, आणि तेवढ्यात गाडी उघड्या दारातून जिन्यावर गेली. पोर वाचली. डोक्याला बसलेला मार मात्र डाव्या अंगात उतरला.

दवाखान्यात सगळे जमले तेव्हा पहिला बोलला तो दीर. "वहिनी, तुमचं लक्ष कुठं होतं?"

ते वाक्य मग घरात राहायलाच आलं. सासूबाई म्हणाल्या, नणंद म्हणाली, नवरा तर उठता-बसता म्हणाला. बाईंनी ते गिळलं, कारण दूध वर आलं होतं आणि मान वळवली होती, हे खरंच होतं. पण गेल्या वर्षी मायलेकींची कशावरून तरी जुंपली आणि लेक ओरडली, "माझ्या वेळी तुझं लक्ष कुठं होतं, ते सांग आधी!" त्या दिवशी बाईंनी पुन्हा मशीनला हात लावला नाही. जगाने काय म्हणायचं ते म्हणावं. लेकीच्या मनातून ते वाक्य उपटायचं कसं, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

वाट दाखवली ती दिराच्या सुनेनेच. ती आपल्या मुलाच्या चड्ड्या घेऊन आली होती.

"काकू, गुडघ्यांवर जाड कापड लावून द्याल? रांगून रांगून सगळ्या फाडल्यात."

"का गं, घरचं दुकान आहे. सासऱ्यांनी वॉकर नाही आणला नातवाला?" बाईंनी खवचटपणे विचारलं.

"छे! बाबा घरात येऊच देत नाहीत. म्हणतात, 'मी डोळ्यांनी पाहिलंय. आई तिथेच असते, आणि पापणी लवायच्या आत गाडी जिन्यावर जाते. कुणाच्या बापाला धरता येत नाही.'"

बाईंच्या ओठांतली टाचणी खाली पडली. सून गेली तरी त्या ती शोधायला वाकल्या नाहीत. म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसला होता तेव्हापासून ठाऊक होतं! स्वतःचा नातू जपत होता, लोकांच्या नातवंडांना चाकांवर बसवत होता, आणि वहिनीला इतकी वर्षं पिंजऱ्यात उभं करून ठेवलं होतं. लेक नेमकी त्या वेळी व्यायामाला गेलेली. तिला सांगून काही उपयोग नव्हता. 'तू तुझीच बाजू सांगणार,' म्हणाली असती. हे त्याच्याच तोंडून वदवायला हवं होतं.

आणि देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. दिराच्या नेहमीच्या शिंप्याचा हात मोडला. दीर स्वतः दारात आला.

"वहिनी, दुकानातल्या वॉकरच्या बैठका अडल्यात. घरचं काम समजा. तुम्ही हे शिवत नाही, माहीत आहे, पण..."

"द्या की, भावजी. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

त्या गोड आवाजाने त्याला घाम फुटायला हवा होता. तो खूश होऊन गेला.

इतकं मन लावून बाईंनी लेकीचं पहिलं झबलंही शिवलं नव्हतं. प्रत्येक भोकाची कड त्यांनी नीट दुमडली, आणि मग खालून त्याच रंगाचं अस्तर ताणून दुहेरी शिवण घातली. वरून बघणाऱ्याला भोक दिसावं, पण आत बोटही जाऊ नये.

"आई, चुकलंय तुझं. भोकं बंद झालीत. उसवू?" लेकीने विचारलं.

"राहू दे. सुट्टीच्या दिवशी काकाच्या दुकानात जाऊ. गंमत बघ."

दिराने बैठका गाड्यांवर चढवल्या, गाड्या ओळीने मांडल्या. भोकात हात घालून बघायचं त्याला कशाला सुचतंय? सुट्टीच्या दिवशी दुकान भरलेलं होतं. एका बाईने आपलं गुबगुबीत बाळ लाल गाडीत ठेवलं.

"दादा, पाय कुठून घालायचे?"

"असे, ताई, असे..." दिराने बाळाचे पाय खाली ढकलले. बाळाने मांडी घातली आणि भोकाड पसरलं. त्याने निळी गाडी ओढली, मग पिवळी.

"गाडी आहे की भाजीची टोपली?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दुकान हसलं.

दिराने मान वर केली. दारात वहिनी उभी होती, शेजारी पुतणी.

"वहिनी! काय करून ठेवलंत हे? लक्ष कुठं होतं तुमचं?"

"सगळं लक्ष तिथेच होतं, भावजी. एकेक भोक बघून बंद केलंय." त्या दोन पावलं आत आल्या. "आता या ताईंना सांगा, तुमच्या नातवाला कुठल्या रंगाचा वॉकर घेतलात?"

"आत या. आत बोलू."

"इथेच बोला."

"हो, सांगा ना दादा," बाळाची आई भाबडेपणाने म्हणाली. "तुम्ही घेतला तोच आम्ही घेऊ."

"आमच्याकडे... वापरत नाहीत."

"अगंबाई! का?"

"पडतात कधीकधी."

"आईचं लक्ष नसतं म्हणून?" टाचणीबाईंनी विचारलं.

दीर पुतणीकडे बघत राहिला. तिची मूठ, तिचा पाय. मग कपाळ पुसत पुटपुटला, "नाही. आई तिथेच असते. मी तर खुर्चीतच होतो, गाडी समोरून गेली. मलाही नाही धरता आली. तुझी आई दूध उतरवत होती, एवढंच."

त्या ताईने बाळ उचललं आणि चपला घालत बाहेर पडली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. बाईंना वाटलं होतं, हे ऐकलं की पोटात थंडावा पडेल. उलट भूक खवळल्यासारखं झालं. पण पुढचा घास त्यांना मागावा लागला नाही.

"काका," लेक म्हणाली, "हेच घरी येऊन बाबांना सांगायचं."

"सांगेन गं. येतो एकदा."

"आत्ता."

"भरलं दुकान टाकून कसा येऊ?"

"शटर ओढा."

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी गाड्यांच्या रंगांकडे बघत होती. त्याने उरलेल्या गिऱ्हाइकांची माफी मागितली आणि शटर ओढलं. लेक पुढे निघाली, डावा पाय ओढत, तिच्या नेहमीच्या संथ चालीने, आणि रस्ताभर काकाला त्याच चालीने तिच्या मागे चालावं लागलं.