वाळ्याची ओली ताटी

गॅसवाले नानांना थंडी सोसत नसे. मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा नाना कानाला मफलर गुंडाळून गाड्यांचे एसी दुरुस्त करत. काम झालं की ते आत बसून पाहत नसत. दाराबाहेर उभे राहून उलटा हात आत घालायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा हवेसमोर धरायचे आणि म्हणायचे, "जा, निंघ." एवढ्यावर गाडी पास.

मी त्यांच्या दुकानामागे राहायचे. चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. गाडीच्या तोंडाशी पातळ पत्र्यांची एक जाळी असते, तिच्यातून वारा गेला तरच एसी गार करतो. आपल्याकडे जिनिंगचा कापूस उडतो, शेतरस्त्यांची माती उडते, आणि दोन्ही जाऊन त्या जाळीत बसतात. फवारा जोरात मारला तर पत्रे वाकतात. म्हणून नानांना हलक्या हाताची बाई हवी होती. दात घासायच्या जुन्या ब्रशनं मी जाळ्या धुवायचे. कुणाच्या जाळीतून कापसाचे बोळे निघाले की नाना त्याला म्हणायचे, "इतलामा तुनी उशी व्हई जाई रे! गाडी चालाडस का पिंजारीनं दुकान?"

नाना मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांचं एक सांगणं कायमचं होतं. "गाडीले बी नाक शे. ही जाळी म्हणजे नाक. तिनापुढे काहीच लावानं नही." कुणी जाळीपुढे जास्तीचे दिवे लावलेले असत, कुणी देवाची पाटी. नाना दिवे काढून हातात देत. पाटी काढताना मात्र आधी हात जोडत.

पुढं त्यांना जवळचं दिसेनासं झालं. गॅस भरताना मीटरचा काटा कुठं आहे ते मला वाचायला सांगू लागले. मी पुटपुटले. "जोरमा वाच. मीटर लाजस का? मग तू काबर लाजस?" मी मोठ्यानं आकडा म्हटला तेव्हा रांगेतले ड्रायव्हर हसले. एक जण म्हणाला, "अक्का, पाढे म्हणून राहिल्या का?" नाना मान वर न करता म्हणाले, "तू म्हण मग सतराना पाढा." त्या दिवसापासून माझा आवाज फुटला. घरी कुणाशी बोलत नव्हते तेवढं मी त्या मीटरशी बोलायचे.

गॅस भरताना गाडी उभी असते, वारा मिळत नाही, म्हणून नाना जाळीवर मगभर पाणी टाकायला लावत. पाणी पडलं की चढलेला दाबाचा काटा खाली येई. रोज मीच तो वाचायचे. माझी चूक त्यातूनच झाली.

यावलचा सुकलाल आठवड्यातून दोनदा आपल्या आईला डायलिसिसला जळगावात आणायचा. नानांचा नियम होता, पेशंटची गाडी रांगेत पहिली. सुकलालच्या एसीत आदल्याच आठवड्यात त्यांनी गॅस भरला होता. त्या दुपारी तो आईला घेऊन परत निघाला आणि वाटेत दुकानाशी थांबला. एसी चालू होता, पण हवा मंद लागत होती. नाना जेवायला घरी गेले होते. मी म्हटलं, "भाऊ, अर्धा तास थांबा, नाना येतील."

"अक्का, मायले बसवत नाही. घरी पोचेपर्यंत टिकला म्हणजे झालं."

मागच्या सीटवर म्हातारी आडवी होती, तोंडावर ओला पदर. मला वाटलं, पाणी पडलं की काटा उतरतो, मग पाणी वाटभर राहिलं तर? घरातल्या कूलरची वाळ्याची जुनी ताटी होती. तिचा तुकडा कापला, बादलीत भिजवला आणि सुतळीनं जाळीपुढे बांधला. दोन मिनिटांत आत गार झालं. सुकलाल म्हणाला, "काय डोकं लावलं अक्का!" म्हातारीनं पदर बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. मी मनातून फुलून गेले होते.

त्या उन्हात ताटी किती वेळ ओली राहणार? ती वाळली, रस्त्याची धूळ तिच्यात बसली आणि नाक बंद झालं. आधी एसी गेला, मग इंजिन तापलं. तापीच्या पुलाच्या अलीकडे गाडी उभी राहिली. तिथं झाड नाही. काच उघडली की झळ आत येई, लावली की जीव घाबरा होई. किडनीच्या दुखण्यामुळे म्हातारीला पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेरावं झाल्यावर सुकलाल दोरानं ओढून गाडी घेऊन आला. डोकं भादरलेलं होतं. नानांनी बॉनेट उघडलं. ताटी तशीच होती, मातीचा पापुद्रा धरलेली. नानांनी तिच्यावर बोट फिरवलं, सुतळीच्या गाठीकडे पाहिलं. मग मी हातात ब्रश घेऊन उभी होते, तिकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. ते आधी बोलले.

"सुकलाल, गॅस मी जास्ती भरी दिन्हा, तेनामुये इंजिन तपनं. बठ्ठी चूक मनी शे."

सुकलालनं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "अक्कानं ताटी बांधली म्हणून पुलापर्यंत तरी पोचलो, नाना. तुमी तर माय मारलीच." आणि त्यानं मला हात जोडले.

तो गेल्यावर मी रडत विचारलं, नाना, असं का केलं? ते ताटीचे तुकडे करत होते. "तुले आजून बराच उन्हाळा काढाना शेत," एवढंच म्हणाले.

नानांना दिसत नाही, ते पेशंटच्या गाड्या मारतात, असं स्टँडवर पसरलं. रांग संपली. पुढच्या हिवाळ्यात लेकीनं त्यांना धुळ्याला नेलं. एसटीत चढताना त्यांनी मीटर माझ्या हातात दिलं. "तू ठेव. तुना आवाज चांगला शे." होळीआधी ते गेल्याचं कळलं.

दुकान मी चालवते. या मे महिन्यात सुकलाल आला. बरोबरच्या ड्रायव्हरला सांगत होता, "नानानं मायले मारलं, या अक्कानं वाचवाले पाहिलं." मी जाळी धुतली, गॅस भरला, आकडा मोठ्यानं वाचला. मग त्याच आवाजात म्हटलं, "भाऊ, गॅस बरोबर होता. नाक मी दाबलं. ताटीनं."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं जाळीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"नाना असताना सांगितलं असतं तर, अक्का."

तो गाडीत बसला. मी उलटा हात आत धरून पाहिलं होतं, एसी अगदी गार चालत होता. त्यानं तो बंद केला, चारी काचा खाली घेतल्या आणि भर दुपारच्या झळांत यावलच्या रस्त्याला लागला.