सीलबंद नकाशा

ती घटना आठवली की आजही माझा हात खिशातल्या किल्लीकडे जातो. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी कुवेतला, मीना अब्दुल्ला भागातल्या एका ठेकेदार कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. खाकी उतरली, सवयी उतरल्या नाहीत. सकाळी हजेरी, दुपारी फाटकावरचं रजिस्टर, संध्याकाळी कुलपं ओढून पाहणं, सगळं ठाण्यासारखंच चालू होतं.

खबर दिली मेसच्या स्वयंपाक्याने. "सर्व्हेचा ड्राफ्ट्समन सुट्टी झाल्यावर मोठमोठे कागद छापतो, साहेब. गुंडाळी बगलेत मारून बाहेर नेतो." दोघांचं जेवणावरून वाजलं होतं, हे मला ठाऊक होतं. रागातली खबर अर्धीच खरी धरावी, असं मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या दिवशी मी ती पुरी धरली.

ड्राफ्ट्समन रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, मान खाली घालून काम करणारा. जलीब वस्तीतल्या कंपनीच्या खोलीत त्याच्या गादीखाली नकाशा सापडला. मी त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि गप्प राहिलो. गप्प साहेबासमोर माणूस फार वेळ टिकत नाही.

"माज्या धाकट्या भावासाठी केलाय, साहेब," तो म्हणाला. भाऊ एका कुवेती गृहस्थाकडे ड्रायव्हर होता. गृहस्थ दर हिवाळ्यात परवाना काढून, ससाणा घेऊन मोकळ्या वाळवंटात शिकारीला जात. गाडी कुठून न्यायची, हे भावाने पाहायचं. फोनवर सगळं वाळवंट कोरं दिसायचं. शुवैखच्या दुकानांतून शोधून शोधून एकच कागद मिळाला होता, तोही इराकच्या लढाईच्या आधीच्या रस्त्यांचा.

"म्हनून हापिसातल्या नकाशावर मीच काढला. रेती कुठं मऊ हाय, शिकारीला मनाई कुठं हाय, सगला घातलाय. आनि ह्या लाल फुल्या, हितं लढाईतलं सुरुंग हायत. मेंढपालांना विचारून विचारून मारल्यात."

काम सुबक होतं. पण मूळ कागद कंपनीचा, म्हणजे माझ्या लेखी चोरीच. पंचनामा केला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, नकाशा लिफाफ्यात घालून लाखेचं सील मारलं. तो दारात थांबला.

"माजी नोकरी घ्या वो, साहेब. पन शुक्रवारी ते जानार हायत. येक झेराक्स तरी द्या."

"मुद्देमालाची प्रत निघत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलो होतो. लिफाफा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात. तो दिवस बुधवार होता. झेरॉक्सचं यंत्र माझ्या दाराबाहेरच होतं.

शुक्रवारी चहासाठी काटक्या गोळा करायला भाऊ गाडीतून उतरला, सुरुंग फुटला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बातमी कळताच मी स्वतःच सील फोडलं. अपघाताची जी जागा कळली होती, नेमकी तिथे लाल फुली होती. मॅनेजर कागद पाहून म्हणाला, "अहो, हे शीट रद्द झालंय. रद्दीत जाणार होतं."

मी इस्पितळात गेलो. वॉर्डातली नर्स आपली, पुण्याची. "दहाच मिनिटं हं, काका," म्हणाली. थोरला भाऊ पायथ्याशी उभा होता. धाकट्याने माझी ओळख विचारली. मी तुझ्या भावाच्या कंपनीतला, एवढंच सांगितलं.

"मग साहेब, भाईला जरा समजवा," तो म्हणाला. "नकाशा बसमदी इसरला म्हनतो. तवापास्नं जेवला न्हाय. मानसाच्या हातून हरवतं वो कधी. त्याचा काय गुन्हा?"

मी थोरल्याकडे पाहिलं. झडती झाली, चोर ठरलो, हे भावाला सांगायची त्याला लाज वाटली असेल. की मला सांभाळत होता, कोण जाणे. त्याने वाकून धाकट्याची चादर सारखी केली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो, मुद्देमाल गुन्हा घडून गेल्यावर कामाचा, नकाशा अपघात घडण्याआधी. पण हे अर्धंच उत्तर आहे. तेहतीस वर्षं मी लोकांकडून खरं वदवून घेतलं. त्या खाटेशी मला एकच वाक्य बोलायचं होतं. नर्स येऊन वेळ संपली म्हणाली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला आजही शरम वाटते. धाकटा गावी परतला. नकाशा भाईने हरवला, असंच तो अजून समजतो.