मांडवामागून दिसलेला मान

लग्नाच्या पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाईजवळ गोष्टी किती साठतात! पोळ्या पंगतीत संपतात, गोष्टी मात्र जीपमध्ये बसून आमच्याबरोबर घरी येतात. शेलूबाजारहून आम्ही तिघी निघतो : मी, बंजारा तांड्यावरची कमलाबाई आणि नजमाआपा. या हंगामात मी जरा धास्तावूनच बघत होते. माझ्या वैशालीचं लग्न रिठदला ठरलं होतं. कोणाचा मान कशानं दुखावतो, हे आधीच शिकलेलं बरं!

*

अनसिंगला एका जुन्या जावयाला टोपी-उपरणं द्यायचं राहून गेलं. जावईबापू रुसले आणि थेट आपल्या जीपमध्ये जाऊन बसले. थोड्या वेळानं मांडवामागून आमच्या चुलीपाशी आले. पोळ्या आणि वांग्याची भाजी मागून घेतली, उभ्यानंच खाल्ली, तोंड पुसलं आणि निघाले. मी म्हटलं, आता मांडवात चला की.

"काहून? मनवाले कोणी आलं काय अजून?" ते म्हणाले. "भूक वेगळी, रुसवा वेगळा."

आणि जीपचं दार लावून पुन्हा तोंड पाडून बसले!

*

वाशिमला एका मारवाडी घरी काम आटोपल्यावर शेठाणीनं आम्हाला पाटावर बसवलं आणि मिठाईचा घास स्वतःच्या हातानं पुढे केला. कमलाबाईनं लगेच तोंड उघडलं. शेठाणी गोंधळली. त्यांच्यात पाहुण्यानं नको नको म्हणायचं, घरच्यांनी सोडायचं नाही, त्यात दोघांचाही मान. इतक्या लवकर कोणी 'हो' म्हटलंच नव्हतं, असं ती हसत म्हणाली.

कमलाबाई म्हणाली, "मंग दुसऱ्या घासाले नाही म्हणीन!"

आणि खरंच नाही म्हणाली. मग मात्र तिची सुटका नव्हती.

*

नजमाआपाच्या पुतण्याच्या वलीम्याला, म्हणजे निकाहानंतरच्या जेवणाला, मी पडद्याआडून पंगत पाहत होते. एका मोठ्या ताटाभोवती चार-पाच जण बसलेले. कापडाचा मोठा व्यापारी आणि त्याच्याच दुकानातला हमाल एकाच ताटात जेवत होते. आमच्याकडे नवरदेवाच्या काकांचं ताट जरा खाली लागलं तर गावभर चर्चा होते. मी आपाला विचारलं, यात मानाचं ताट कोणतं?

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "जिथं जागा होईल ते."

*

कमलाबाईच्या तांड्यावर नवरी निघाली ती प्रत्येकीच्या गळ्यात पडून, गाण्याच्या सुरात रडत. गाणं लांबतच चाललं. मला राहवेना. आमच्याकडे अशा वेळी पोरीला डोळे पूस म्हणतात. मी पुढे झाले, तर कमलाबाईनं हात धरला.

"रडू दे तिले. गप बसली त लोक म्हणतील, हिले माहेर नव्हतं काय?"

तेवढ्यात नवरी माझ्याही गळ्यात पडली. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. माझे हात पिठानं भरलेले. तिच्या सुरात माझंही एक कडवं झालं, नाव नसलेलं.

*

वैशालीच्या लग्नात मी दोघींना बजावलं होतं, आज तुम्ही पाहुण्या, लाटण्याला हात लावायचा नाही. पण वऱ्हाड वाढलं. रिठदच्या बायांची पंगत बसायची होती, आणि पोळ्या संपल्या. लाटणाऱ्या बाया केव्हाच निघून गेल्या होत्या. पोरीला जन्म त्याच घरात काढायचा, आणि विहीणबाई पहिल्याच पंगतीला उपाशी!

कमलाबाई आणि नजमाआपा मांडवामागे आल्या. आपानं तवा ठेवला, कमलाबाईनं कणीक मळायला घेतली, मी नव्या साडीचा पदर खोचून पोळपाट ओढला. एवढ्यात समोर जरीची किनार दिसली. मान वर केली तर विहीणबाई!

मी पिठाचे हात तसेच जोडले. त्यांनी रिकाम्या टोपल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बांगड्या मागे सारून माझ्या शेजारी खाली बसल्या.

"विहीणबाई, तुमी नोका बसू. लोक काय म्हणतील?"

"बाहेर सांगा, विहीण रुसली, मागं जाऊन बसली," त्या म्हणाल्या. "मी मानल्याबिगर पंगत बसत नाही."

मग माझ्या हातातलं लाटणं घेतलं.

"अन् मी लवकर मानत नाही."