सही माझी, काम त्यांचं

आमच्या कंपनीत त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. लिफ्ट बिघडली की आम्ही शिकलेली माणसं मीटर काढायचो, नकाशे उलगडायचो. ते मात्र आधी लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहायचे, एकदा वर जायचे, एकदा खाली यायचे आणि म्हणायचे, "पाचव्या-सहाव्याच्या मध्ये रेलचा सांधा हललाय." किंवा, "ब्रेक उशिरा सुटतोय. ओढत नेतोय बिचारीला." दहातल्या नऊ वेळा तसंच निघायचं. दहाव्या वेळी ते लिफ्टलाच दोष द्यायचे. "खोटं बोलली माझ्याशी."

मी नवा इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातल्या टायकडे बघितलं. "साहेब, फिरत्या मशीनजवळ हे घालून येऊ नका. पदवी मागे राहील आणि साहेब जातील." टाय गेला, पाठोपाठ 'साहेब'ही गेलं. दुसऱ्या आठवड्यात मी 'अरे' झालो आणि ते काका झाले.

काका या देशाचे नागरिक नव्हते. अकरा वर्षांपूर्वी एका बांधकाम कंपनीच्या परवान्यावर आले. ती कंपनी बुडाली, परवाना संपला, काका राहिले. इथेच लग्न झालं, इथेच मुलगी झाली. काकूंकडे राहण्याचे कागद होते, काकांकडे नव्हते. अर्ज करायला गेलं की आधी देशाबाहेर जा म्हणायचे, म्हणून ते गेलेच नाहीत. घराचा भाडेकरार काकूंच्या नावावर, विजेचं बिल काकूंच्या नावावर, फोनसुद्धा काकूंच्या नावावर. "माझ्या नावावर फक्त घोरणं आहे," काका म्हणायचे.

प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये एक रजिस्टर टांगलेलं असतं. तारीख, बिघाड, दुरुस्ती आणि शेवटी सही. सही लायसन्सवाल्याचीच चालते आणि लायसन्स नागरिकालाच मिळतं. त्यामुळे काम काका करायचे, हात पुसत काय केलं ते सांगायचे, मी लिहायचो आणि सही करायचो. आठवड्यातले सहा दिवस, सलग सहा वर्षं. माझ्याआधी दुसरा कुणी इंजिनिअर होता, तोही हेच करायचा. या धंद्यात सगळीकडे असंच चालतं, निदान आम्ही एकमेकांना तसं सांगायचो. मला त्यात कधी काही खटकलं नाही. उलट थोडी ऐटच वाटायची. माझे वडील अंगठा लावायचे. आमच्या घरात सहीला किंमत असलेला मी पहिला.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही एका दवाखान्याच्या लिफ्टवर काम करत होतो. साध्या कपड्यातली दोन माणसं आली, ओळखपत्रं मागितली. मी माझं दाखवलं. काकांनी चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "माझ्याकडे नाही."

"ते माझ्याबरोबर आहेत," मी म्हणालो.

"ते दिसतंय," त्यांतला एक म्हणाला.

काकांनी पाना माझ्या हातात दिला. "काउंटरवेटच्या बाजूचा नट अर्धाच आवळलाय. विसरू नकोस." मग ते त्या दोघांच्या मधून, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने चालत गेले.

मी नट आवळला. लिफ्ट चालवून बघितली. रजिस्टरात नोंद केली आणि खाली सही केली. त्या दिवशीसुद्धा फक्त माझीच.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. अशा माणसांचे खटले फुकट चालवणाऱ्या एका संस्थेतल्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो. खोलीत फायली इतक्या होत्या की बाईंनी आधी दोन खुर्च्या मोकळ्या केल्या.

"घटनेप्रमाणे म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही हाकलता येत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस नागरिक असो वा नसो. पण गेल्या वर्षी नवा नियम आलाय. सलग तीन वर्षं इथे असल्याचं जो दाखवेल, त्यालाच न्यायाधीशापुढे उभं करायचं. बाकीच्यांना अधिकाऱ्याच्या सहीवर परत पाठवायचं."

"काका अकरा वर्षं आहेत इथे."

"ते मला सांगून उपयोग नाही. कागद लागेल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत."

"पण हा नियमच घटनेविरुद्ध आहे ना?"

"मला तसंच वाटतं. वरच्या कोर्टात त्यावर वाद चालू आहे. निकाल लागेल वर्षा-दोन वर्षांत. तोवर तुमचे काका इथे असले तर त्यांच्या कामाचा."

काकूंनी पिशवी टेबलावर उपडी केली. सगळे कागद काकूंच्या नावाचे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर तेवढं वडिलांचं नाव होतं.

"वडिलांचं नाव लिहिलंय म्हणून वडील इथे होते असं ते मानत नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग मुलगी काय पोस्टाने आली?" काकू म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो फॉर्म नीट घडी करून परत दिला. काकू माझ्याकडे वळल्या. "तुमच्या रजिस्टरात असेल की. रोज तिथेच तर असायचे."

"बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काय आहे ते मला माहीत होतं.

बुधवारी मी फोनमधले फोटो उघडले. मी कामाचे फोटो काढून ठेवतो, तारखेसकट. झिजलेले ब्रेक, तुटलेल्या तारा, बेअरिंगचा चुरा. हजारो फोटो होते. काकांचा एकही नव्हता. मी फोन धरला की ते बाजूला व्हायचे. "मशीनचा काढ, माझा कशाला?" कुठे हातमोजा होता, कुठे बॅटरी धरलेली बोटं होती. चेहरा कुठेच नव्हता.

उरला एकच मार्ग. रजिस्टरातल्या सह्या माझ्या असल्या तरी काम त्यांचं होतं, असं मी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. मालकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यांनी मला बसवलं. "तुझ्या सहीवर तीनशे वीस लिफ्ट चालतात. तू सही खोटी म्हणालास की सगळ्या बंद. लायसन्स जाईल ते वेगळंच. आणि तो माणूस सुटेलच कशावरून? एक दिवस विचार कर."

मी एक दिवस विचार केला. गुरुवारचा.

शुक्रवारी सकाळी प्रतिज्ञापत्र वकीलबाईंच्या हातात दिलं. एक प्रत त्यांनी अर्जाबरोबर कोर्टात नेली. दुसरी घेऊन मी काकांना ठेवलं होतं तिथे गेलो. काचेपलीकडे काका बसले होते. दाढी वाढली होती.

"इथली लिफ्ट ऐकलीस?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. "तिसऱ्याला घासते. पहारेकऱ्याला सांगितलं तर म्हणतो, तुझं काय जातं?"

मी प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "तुझी सही बरोबरच होती रे. माझ्या सहीवर कुणी चढलं असतं का लिफ्टमध्ये?"

"काका, ते सोडा आता."

"मला सुटका नकोय असं नाही. पण आधी कुणीतरी समोर बसावं आणि मी कधी आलो, काय केलं, कुणाचं वाईट केलं का, ते विचारावं. एकदा. मग जा म्हणाले तर जाईन. इथे अजून कुणी काही विचारलंच नाही. नाव तेवढं विचारलं, तेही चुकीचं लिहिलं."

खालच्या मजल्यावरच्या अधिकाऱ्याने माझा कागद दोनदा वाचला. वागायला वाईट नव्हता. त्याने मला पाणीही विचारलं.

"म्हणजे रजिस्टरातल्या नोंदी खोट्या?"

"सह्या तेवढ्या. काम खरं आहे."

"सहा वर्षं तुम्ही सरकारी रजिस्टरात खोटं लिहिलंत."

"हो."

"मग आज हे लिहिलंय त्याच्यावर मी विश्वास का ठेवू?"

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, त्यात हे नव्हतं. त्याने कागद फाइलला लावला, त्यावर 'पुरावा अपुरा' असा शेरा मारला आणि खाली सही केली. बाहेर निघेपर्यंत मला त्याच्या सहीचं वळणच दिसत राहिलं.

शनिवारी सकाळी काकांना विमानात बसवलं. काकूंना ते दुपारी कळलं, काकांच्याच फोनवरून, तिकडून. अर्ज सोमवारी न्यायाधीशांपुढे आला. त्यांनी विचारलं, "व्यक्ती कुठे आहे?" सरकारी वकील म्हणाले, "देशात नाही." मग अर्जात काही उरलं नाही असं लिहून तो निकाली काढला. मुलीने काकूंना विचारलं, "झालं?" वकीलबाई बाकावर कागद गोळा करत होत्या. बुधवारी प्रतिज्ञापत्र मिळालं असतं तर अर्ज शुक्रवारीच लागला असता, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते माझं मला कळलं.

तीन आठवड्यांनी मला लायसन्स खात्याची नोटीस आली. खोट्या सह्यांबद्दल चौकशी. उत्तर द्यायला तीस दिवस. हवं तर वकील आणता येईल, साक्षीदार आणता येतील, तारीख गैरसोयीची असल्यास बदलून मिळेल.

मी ठरल्या दिवशी गेलो. लांब टेबल होतं, पलीकडे तिघं बसले होते. मधल्या बाई म्हणाल्या, "घाई नाही. पहिल्यापासून सांगा."

मी काकांपासून सुरुवात केली. ते कधी आले, कसं काम करायचे, त्यांना कुठून नेलं. बाईंनी हात वर करून मला थांबवलं, अगदी सौम्यपणे.

"तो विषय आमच्यापुढे नाही. तुम्ही तुमच्याबद्दल बोला."

मी माझ्याबद्दल बोललो. एक तास चाळीस मिनिटं. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि काही राहिलं असेल तर आठ दिवसांत लेखी द्या म्हणाले.