हाडं कापायची हलकी करवत

परवा इथल्या अल मलाझ भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात घडीची करवत उघडली, आणि कोऱ्या पात्याच्या तेलाचा वास आला. वीस वर्षांपूर्वी हाइलच्या डोंगरात हाच वास होता.

मी तेव्हा कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या अरब मालकाकडे, सुतार होतो. तो शिकारीला पायी डोंगर चढायचा, म्हणून मला म्हणाला, हाडं कापायला हलकी करवत बघून आण. मी दहा करवती हातात तोलल्या आणि सर्वांत हलकी घेतली. तिचं पातं पातळ होतं आणि ती ओढताना कापायची, आपल्याकडच्यासारखी रेटताना नाही. हे मला ठाऊक होतं.

डोंगरावर कफीलच्या गोळीने रानबोकड पडला. आमचा स्वयंपाकी हमीदचाचा, दापोलीकडचा. करवत हातात घेऊन म्हणाला, "काय हलकी हाय रे! झकास निवडलीस." मी खूश होऊन सामान आवरत राहिलो. चाचाने सवयीने करवत पुढे रेटली. पातं हाडात अडकलं, त्याने अंगाचा जोर लावला, तसं ते कडकन मोडून त्याच्या तळव्यात घुसलं. दगडावर बोकडाचं रक्त कुठलं आणि चाचाचं कुठलं, कळेना.

"असली कसली करवत निवडलीस?" कफील माझ्यावर ओरडला. मी चाचाच्या हाताला फडकं गुंडाळू लागलो. चाचाच म्हणाला, "करवत चांगली हाय. माझाच हात चुकला."

त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. महिन्याभरात त्याला गावी धाडलं.

परवा माझ्या हातातली करवत बघून दुकानदार सहज म्हणाला, "भाई, इसको खींचना, धकेलना मत."

चाचाला मी एवढंही सांगितलं नव्हतं.