मास्तरांची तुरपाई

मास्तर शिंपी. त्यांची तुरपाई इतकी बारीक, की गिऱ्हाईक चष्मा लावून टाका शोधायचं आणि शेवटी हात टेकायचं. म्हातारपणी तोच बारीकपणा अंगात शिरला. आधी अक्षर मुंगीएवढं झालं, मग आवाज, मग पावलं. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "नाव तरी दांडगं निघालं."

हाताच्या कंपाचं त्यांना फारसं वाटलं नाही. कात्री केव्हाच कारागिराकडे गेली होती. मास्तर गळ्यात टेप घालून बसत आणि चुका काढत. अडचण होती दुकानाच्या दाराची. रस्त्यावर बरे चालणारे पाय चौकटीशी आले की जमिनीला चिकटत. एकदा तर मास्तर असे झुकले, की थेट कापडाच्या ताग्यांवर आडवे.

मुलाने निकाल दिला. "बाबा, रविवारी येतो. आत नीट गेलात तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप."

"म्हणजे हे दिवसभर घरात," बायको म्हणाली. "शिक्षा नक्की कुणाला?"

फिजिओथेरपिस्ट बाई वयाने नातीएवढ्या, आवाज मात्र हवालदाराचा. त्या म्हणाल्या, "मेंदूत एक रसायन कमी पडतंय. चालणं आपोआप व्हायचं, ते आता लक्ष देऊन करायचं. गोळ्या वेळेवर घ्या. व्यायामाने आजार जाणार नाही, पण पाय तुमचं ऐकतील. दारात आडव्या रेघा आखा आणि एकेक ओलांडा."

मास्तरांनी कारागिराकडून रेघा आखून घेतल्या. चपट्या खडूने, पट्टी लावून, देखण्या. आणि दुसऱ्याच रेघेवर अडकले. बाई बघतात तर दोन रेघांत जेमतेम वीतभर जागा.

"तुरपाई घातलीय त्यांनी," बायको बाईंना म्हणाली. "अहो, धावदोरा घाला, धावदोरा. लांब लांब."

"कच्चं काम मी दारात मांडत नाही."

"मग जा ताग्यांवर."

रेघा लांब झाल्या. रोज सकाळी मास्तर गुडघे उचलून रेघा ओलांडू लागले आणि बायको मागून "हात हलवा" म्हणून टोकू लागली. पाय ऐकायला लागले.

रविवारी मुलगा कुलूप घेऊनच आला. मास्तर ऐटीत दाराशी गेले आणि थबकले. खाली रेघच नाही. फरशी लखलखीत.

"तो येणार म्हणून पुसली," बायको पुटपुटली.

"जन्मभर कधी माझं ऐकून पुसली नाहीस."

मुलगा हात धरायला धावला. "ओढू नकोस," मास्तर म्हणाले. बाईंनी बजावलं होतं: पाय अडले की झटापट करायची नाही, थांबायचं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा. ते तसे डुलत राहिले. मुलाने कुलपाशी चाळा सुरू केला. मग मास्तरांनी थरथरत्या हाताने गळ्यातली टेप काढली आणि पुढ्यात टाकली. ती वेडीवाकडी पडली.

"सरळ कर. आडवी."

मुलाने वाकून टेप आडवी केली. मास्तरांनी गुडघा उचलला, टेप ओलांडली, त्याच झोकात पुढची दोन-तीन पावलं टाकली आणि खुर्ची गाठली.

"आता टेप इकडे आण," ते बाईंनी शिकवलेल्या मोठ्या आवाजात म्हणाले. "आणि सरळ उभा राहा. पँट घोट्याच्या वर चढलीय. कुणी शिवली ही?"

मुलाने कुलूप खाली ठेवलं आणि मापासाठी ताठ उभा राहिला.