बंद पडलेल्या खात्याचा पूल

सरकारी खातं बंद झालं की खुर्च्यांचा लिलाव होतो, कॉम्प्युटर दुसरीकडे जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते आमच्याच हर्नडन गावच्या पॉटलकमध्ये, घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, पडून राहतात अन् दर वेळी दोन वाढतात.

वॉशिंग्टनमधलं आमचं खातं रस्ते-पूल बांधायचं, मागास भागांचा विकास करायचं. मी कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटर सांभाळायचो. पुलांचे इंजिनियर होते साताऱ्याचे कुलकर्णी काका.

*

आमच्या मजल्याची लिफ्ट दोन वर्षं बंद. काकांनी तक्रार केली. उत्तर आलं, "आपला मजला मागास भागात मोडत नाही."

*

खात्याचं नाव सारखं बदलायचं. नियम असा, की जुन्या नावाचे छापील कागद संपल्याशिवाय नवे काढायचे नाहीत. नव्या साहेबांनी एक पत्र उचलून विचारलं, "हे खातं कुठलं?"

ऑफिस मॅनेजर लिंडा म्हणाली, "सर, तुमचंच. नाव अजून पोचायचंय!"

*

काकांचा जीव एका फाइलीत अडकला होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका गावाचा पूल मोडलेला. शाळेची बस चाळीस मिनिटांचा वळसा घ्यायची, पोरं अंधारातच घर सोडायची. फाइल दोन हजार एकपासून सात टेबलं फिरून परत यायची. एकदा शेरा आला, "नदी असल्याचा पुरावा जोडावा."

काकांनी बाटलीभर पाणी पाठवलं! त्याची रीतसर पोच आली.

*

मग दोन हजार सहात खातंच बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी पाचपर्यंतच सह्या. चारला पूल मंजूर झाला, अन् पत्राला छापील कागदच नाही!

लिंडाने कपाटाच्या तळातून तीन नावं आधीच्या छापील कागदांचं एक विसरलेलं पाकीट काढलं. "नियम म्हणजे नियम. जुने आधी."

साहेबांनी न वाचता सही ठोकली. चार पंचावन्न. काका खुर्चीत बसून चक्क रडले. मी प्रिंटर पुसत राहिलो बाप्पा.

*

पुढच्या वर्षी पूल झाला. काकांनी नव्या नोकरीतून रजा काढली, ड्राइव्ह मी केलं. पाटीवर त्या तीन नावं आधीच्या खात्याचे आभार मानले होते. मेयरने माइकवर विचारलं, "या खात्यातून कोणी आलंय का?"

काका रस्त्याकडेच बघत राहिले.

मी म्हणालो, "काका, हात वर करा ना!"

"थांब रे, बस येऊ दे."

भाषणं आटोपली, लोक पांगले. काका पुलाच्या टोकाशी उभेच. तीन वाजता पिवळी बस पोरांसकट पूल ओलांडून आली अन् थांबली. ड्रायव्हर म्हातारी बाई होती. तिने दार उघडून विचारलं, "कोणाची वाट बघताय का?"

काका म्हणाले, "हो. तुमचीच. सहा वर्षं."